सातपुड्याच्या बाजूने ‘शोले’ पाहताना



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, ते सिनेमा पाहून आलेल्या मुलाला ‘आवडला का?’ असं कधी विचारत नसत. ‘काय काय पाहिलंस ते क्रमानं सांग,’ म्हणत. मूल सांगत जाई, मध्येच कुठेतरी अडखळे, आणि ते अडखळे तिथेच गुरुजी त्याला थांबवून प्रश्न विचारत. आज मीही तसंच सांगणार आहे. चित्रपट ‘शोले’. तो तुम्हां सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा कथा सांगण्यात वेळ घालवत नाही. हा चित्रपट मी आयुष्यभर प्रेमाने पाहत आलो. दर वेळी दोन जागी अडखळलो. त्या दोन्ही जागा मला खानदेशात वाढल्यामुळे दिसल्या असं वाटतं, म्हणून त्या इथे, आपल्या माणसांपुढे मांडायच्या आहेत.

पहिल्यांदा मी ‘शोले’ पाहिला तो सारंगखेड्याच्या यात्रेत, तंबूत. दत्तजयंतीची थंडी, तापीचा काठ, एकमुखी दत्ताच्या दर्शनाची रांग, आणि पलीकडे घोडेबाजार. मोठ्या शहरांतल्या निवडक थिएटरांत हा चित्रपट ७० मिलिमीटरच्या पडद्यावर, चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजात पाहिला गेला. आमच्या तंबूत पडदा म्हणजे शिवलेलं कापड होतं. वारा आला की ठाकूरची हवेली हलायची. खाली गोणपाट अंथरलेलं, बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. रीळ संपलं की अंधारात थांबायचं आणि शेंगा सोलायच्या. पण त्या तंबूला जे मिळालं ते मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरलाही मिळालं नसेल. डाकूंचे घोडे पडद्यावर उधळले की बाहेर बाजारात बांधलेले खरे घोडे खिंकाळायचे. कोणता आवाज आतला आणि कोणता बाहेरचा, हे आम्हां मुलांना कळेनासं व्हायचं.

माझ्याशेजारी माझी आजी होती. आम्ही तिला मोठी माय म्हणायचो. तिला हिंदी फारसं समजत नव्हतं, अहिराणीखेरीज ती दुसरं काही बोलत नसे. जय मेला, गब्बर पकडला गेला, वीरू गाडीत बसला, दिवे लागले. सगळे उठले. मोठी माय बसूनच राहिली आणि तिने मला विचारलं, “आनि त्या पोरनं काय व्हयनं रे भो?” त्या मुलीचं काय झालं? ती राधेबद्दल, ठाकूरच्या विधवा सुनेबद्दल, विचारत होती. त्या प्रश्नाकडे मी शेवटी येईन.

‘शोले’च्या जातीच्या चित्रपटाचं घर अमेरिकेत आहे. तिथे त्याला वेस्टर्न म्हणतात आणि आपणही तोच शब्द वापरतो. कायदा लांब, घोडा जवळ, कमरेला बंदूक, आणि एक माणूस दुसऱ्याच्या मागावर. मागावर असण्याचं कारण बहुधा सूड असतं. कुणाचं तरी घर जळालेलं असतं, कुणी तरी गाडलं गेलेलं असतं. सूड हे कारण दिग्दर्शकाला फार सोयीचं पडतं, कारण ते प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे भाऊबंदकीत बांधाच्या वितीवरून तीन पिढ्या बोलत नाहीत, तिथे सूड म्हणजे काय हे वेगळं कशाला शिकवायचं?

‘शोले’ने या घराण्यातून पुष्कळ घेतलं आणि ते लपवलं नाही. १९६८ साली सर्जियो लिओने या इटालियन दिग्दर्शकाचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ आला. त्यात एका कुटुंबाची अंगणात हत्या होते, शेवटी एक लहान मुलगा उरतो, त्याच्यावर बंदूक रोखली जाते आणि गोळीचा आवाज आगगाडीच्या शिट्टीत मिसळून जातो. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा आराखडा तिथला आहे. गाव वाचवायला लढवय्ये भाड्याने आणायचे, ही कल्पना कुरोसावाच्या १९५४ सालच्या ‘सेव्हन समुराई’ची. आणि घरातलं उदाहरण म्हणजे १९७१चा ‘मेरा गाव मेरा देश’. तिथला डाकू जब्बर सिंग. तिथेही धर्मेंद्र, तिथेही हात गमावलेला एक वडीलधारा पुरुष. ती भूमिका केली होती जयंत यांनी. जयंत म्हणजे अमजद खानचे वडील. चार वर्षांनी मुलगा हात तोडणारा झाला.

उसनवारीचा आरोप करून मला थांबायचं नाही. उसनं आणलेलं बियाणं कोणत्या मातीत पडलं आणि त्याला काय आलं, हे पाहायचं. एक उदाहरण देतो. लिओनेच्या चित्रपटात माउथ ऑर्गन आहे. तो सुडाचं वाद्य आहे. ज्याच्या भावाला त्याच्याच खांद्यावर उभं करून फाशी दिलं, त्या मुलाच्या तोंडात मारेकऱ्याने ते वाद्य कोंबलेलं असतं. मोठा झाल्यावर तो ते वाजवत हिंडतो, आणि ते सूर ऐकू आले की आपल्याला कळतं, मरण जवळ आलं. ‘शोले’त तेच वाद्य जयच्या हाती आहे. तो संध्याकाळी पायरीवर बसून वाजवतो आणि वरच्या सज्जात पांढऱ्या साडीतली राधा एकेक दिवा मालवत जाते. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. सुडाचं वाद्य इथे एका विधवेच्या मनाशी बोलायला लागलं. मला हा बदल फार मोठा वाटतो. छायालेखक द्वारका दिवेचा यांनी त्या प्रसंगासाठी दिवस बुडतानाचा तो थोडकाच उजेड धरला, आणि म्हणून ते चित्रण रोज थोडं थोडं करत अनेक दिवस चाललं. पडद्यावर ते पुरतं मिनिटभराचंही वाटत नाही.

आता गाडीचा पाठलाग. आपला भाग रेल्वेचा. भुसावळच्या यार्डात मालगाड्या जोडताना ज्यांनी रात्री काढल्या, अशी माणसं आज समोर बसलेली मला दिसतात. मालगाडी, तिच्यात पोलिसांच्या पहाऱ्यात दोन कैदी, दोन्ही बाजूंनी घोडेस्वार डाकू. हे चित्रण पनवेलच्या बाजूच्या रुळांवर झालं. साहसदृश्यांसाठी इंग्लंडहून माणसं आणली होती. पण मला त्यात थक्क करतं ते संकलन. घोड्याची दिशा, गाडीची दिशा, डब्याच्या टपावरच्या माणसाची दिशा, या तिन्ही सतत बदलत असतात, आणि तरी कोण कुठे आहे याचा आपल्याला क्षणभरही गोंधळ होत नाही. चित्रपटांतल्या आजकालच्या मारामाऱ्या आठवून पाहा. कोण कुणाला मारतंय हे कळेपर्यंत प्रसंग संपलेला असतो. ‘शोले’चे संकलक होते मा. स. शिंदे, आपले मराठी गृहस्थ. प्रदर्शनानंतर या चित्रपटाला फिल्मफेअरची नऊ नामांकनं होती आणि पुरस्कार मिळाला तो एकच, संकलनाचा, शिंदे यांना. पुढे २००५ साली त्याच फिल्मफेअरने पन्नास वर्षांतला सर्वोत्तम चित्रपट म्हणून ‘शोले’ला गौरवलं. पहिल्या वर्षी ज्या एका माणसाचं काम त्यांना दिसलं, तो माणूस त्यांनी बरोबर ओळखला होता, असं मी म्हणेन. कलादिग्दर्शक राम येडेकर, ज्यांनी बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत अख्खं गाव उभं केलं, तेही मराठीच. कालिया झालेले विजू खोटे, इमामसाहेबांचा अहमद झालेले सचिन, यांची नावं घेतो ती अभिमान मिरवण्यासाठी नव्हे. या चित्रपटाबद्दल बोलताना पडद्यावरच्या आणि लेखनाच्या चार-पाच नावांपाशी आपण थांबतो, म्हणून.

आणि कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग. गुरुजींना क्रमानं सांगावं तसं सांगतो. दुपार. अंगण. झोपाळा. कुरकुरणारा आवाज. एक गोळी. माणूस पडतो आणि पडता पडता चित्र गोठतं. दुसरी गोळी. बंदूकवाला लांब टेकाडावर, आपल्याला त्याचा चेहरा दिसत नाही. मग तो येतो. मग लहान मुलगा. मग आगगाडी. गाडीतून ठाकूर उतरतो, हातात घरच्यांसाठी आणलेल्या वस्तू. अंगणात पांढऱ्या चादरींखाली सगळं कुटुंब ओळीने ठेवलेलं. वारा येतो आणि चादरी एकेक करून उडतात. शेवटची चादर लहान असते. या प्रसंगात रक्त जवळजवळ नाही. किंकाळी नाही. झोपाळ्याची कडी आणि वारा. सुडाचा चित्रपट उभा राहतो तो सुडाच्या कारणावर, आणि ते कारण इतक्या संयमाने मांडलेलं मी हिंदी चित्रपटात दुसरीकडे पाहिलेलं नाही. अहमदचं मरणही तसंच. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो. पुढच्या चित्रात घोडा गावात येतो आणि त्याच्या पाठीवर पोराचं प्रेत असतं. मधलं काहीच दाखवलेलं नाही.

इतकं बळ असलेल्या चित्रपटाचे दोष सांगायचे तर तेवढ्याच काळजीने सांगायला हवेत.

काही दोष सर्वांना माहीत आहेत. त्यांवरून झपाट्याने जातो. तुरुंगातला जेलर आणि लाकडाच्या वखारीतला सूरमा भोपाली हे दोन्ही प्रसंग आपापल्या जागी हसवतात, पण गब्बरची सावली पडायच्या आधीच पाऊण तास निघून जातो. गावात वीज नाही, राधा रोज कंदील मालवते, तरी पाण्याची उंच टाकी मात्र आहे, कारण वीरूला तिच्यावर चढायचं आहे. ही चूक शाळकरी मुलंही सांगतात. मला जास्त खटकतं ते रामगढचं शिवार. डाकू धान्याची पोती न्यायला येतात, म्हणजे धान्य पिकतं. पण या चित्रपटात कुणी पेरताना दिसत नाही, नांगरताना दिसत नाही, विहिरीवर मोट किंवा इंजिन नाही. बसंती टांगा हाकते. काम करून पोट भरणारी गावातली एक तीच डोळ्यांत भरते. म्हणूनच तिच्या टांग्यामागे डाकू लागतात तो पाठलाग मला गाडीच्या पाठलागाहून आवडतो. तिथे एक कष्टाची बाई आपल्या हत्यारानिशी, म्हणजे घोडीनिशी, पळत असते. हेमा मालिनीऐवजी तो टांगा हाकणारी रेश्मा पठाण ही साहसदृश्यं करणारी बाई होती. तिचं नाव पडद्यावर आलं नाही, लोकांना ते कळायला चार दशकं लागली.

आता पहिली अडखळण्याची जागा. गब्बर कुठून आला?

त्याचं नाव चंबळच्या बाजूच्या एका खऱ्या डाकूवरून घेतलेलं आहे. १९५०च्या दशकात तो माणसांची नाकं कापून दहशत बसवत असे. चित्रपटात मात्र गब्बरला गाव नाही, आई नाही, जमीन नाही, गमावलेलं काही नाही. खडकावरून पट्टा घासत तो चालत येतो तेव्हा तो त्या खडकातूनच फुटून निघाल्यासारखा वाटतो. अमजद खानचं सामर्थ्य त्यातच आहे, हे मला मान्य आहे. कारण दिसत नाही म्हणून भीती वाढते. पण आपण ज्या डोंगरांच्या पायथ्याशी राहतो, तिथल्या माणसाने हे निमूट मान्य करावं का, हा माझा प्रश्न आहे.

कारण डोंगरातल्या बंडखोराचा पाठलाग ही आपल्या घरची गोष्ट आहे. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. सातपुडा, सातमाळा, अजिंठ्याच्या डोंगररांगा भिल्ल नाईकांच्या होत्या. घाटवाटांची राखण करायची आणि त्याबद्दल हक्क घ्यायचे, ही त्यांची जुनी रीत. ते हक्क डळमळले तशा लुटी वाढल्या आणि इंग्रजांनी त्यांच्यामागे पलटणी धाडल्या. सात वर्षं पाठलाग चालला. शेवटी १८२५ साली लेफ्टनंट औट्रमने वेगळी युक्ती काढली. ज्यांचा पाठलाग करायचा, त्यांच्यातूनच पाठलाग करणारे तयार केले. ती भिल्ल पलटण. तिचं ठाणं होतं धरणगाव. जळगावहून आलेल्या मंडळींना धरणगाव काही सांगायला नको. आपलं ते कापसाच्या बाजाराचं गाव एके काळी या सगळ्या पाठलागाचं केंद्र होतं.

आणि खाज्या नाईक. सेंधव्याच्या घाटात इंग्रजांच्या नोकरीत रखवाली करणारा माणूस. म्हणजे ठाकूर बलदेव सिंगसारखा कायद्याच्या बाजूचा. १८५७ साली तो बंडात उतरला, ज्या घाटाची राखण केली त्याच घाटात सरकारी खजिना लुटला, आणि एप्रिल १८५८मध्ये आंबापाणीला त्याच्या आणि भीमा नाईकाच्या माणसांची इंग्रज फौजेशी मोठी लढाई झाली. नाईक निसटले. पुढे १८६० साली खाज्या विश्वासघाताने मारला गेला. सरकारी कागदांत तो लुटारू. पलीकडच्या पाड्यांवर तो आजही आदराने आठवला जातो. शिरपूरहून पळासनेरमार्गे घाट चढताना आपण गाडीची काच खाली करून वारा घेतो, तो हाच घाट.

आता सांगा, हा इतिहास ज्याच्या मागे आहे त्याने ‘डाकू डोंगरात राहतो आणि त्याला मारायचं असतं’ एवढ्यावर समाधान मानावं? अमेरिकन वेस्टर्नमध्येही हेच झालं. ज्यांची जमीन गेली ते पडद्यावर टोळ्या होऊन आले, आणि ज्यांनी घेतली ते घरंदाज झाले. पण त्याच परंपरेत १९५६ साली जॉन फोर्डचा ‘द सर्चर्स’ निघाला. मला तो पाठलागाच्या चित्रपटांचा कळस वाटतो. टेक्सासमधलं एक घर कोमांची लोक जाळतात, धाकटी मुलगी पळवून नेतात. तिचा काका ईथन, म्हणजे जॉन वेन, तिच्या शोधात पाच वर्षं हिंडतो. हळूहळू प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो, कारण लक्षात येतं की हा तिला सोडवायला निघालेला नाही. ती त्यांच्यातली झाली म्हणून तिला मारायला निघाला आहे. एका मेलेल्या कोमांचीच्या डोळ्यांवर तो गोळ्या झाडतो, का, तर त्या लोकांच्या समजुतीप्रमाणे त्याचा आत्मा भटकत राहावा. फोर्डने पाठलाग करणाऱ्याच्या पोटातला द्वेष उघडा केला. शेवटी ईथन मुलीला उचलून घरी आणतो, सगळे आत जातात आणि तो दाराबाहेरच उभा राहतो. त्या चित्रपटातही दोष आहेत, आणि ते गंभीर आहेत. कोमांची सरदार स्कार ही भूमिका हेन्री ब्रँडन या गोऱ्या नटाने केली. चुकून बायको म्हणून गळ्यात पडलेल्या एका आदिवासी मुलीची तो चित्रपट थट्टा करतो, तिला टेकाडावरून लाथेने ढकलतो, आणि प्रेक्षकाने हसावं अशी अपेक्षा ठेवतो. पुढे तिचं प्रेत दाखवून लगेच गंभीर होतो. ते मला अजून पाहवत नाही. पण पाठलाग करणाऱ्याकडे संशयाने पाहायचं धाडस त्याने केलं. ‘शोले’ने ठाकूरकडे तसं कधी पाहिलं नाही. आपल्या सुडासाठी हा माणूस दोन परक्या तरुणांना पैसे देऊन मरणाच्या तोंडी देतो, अख्ख्या गावाला देतो. गावकरी एकदाच बंड करून उठतात, आणि इमामसाहेब आपल्या मेलेल्या मुलाशेजारी उभे राहून त्यांना गप्प करतात. केवढा मोठा प्रसंग. पण त्यानंतर तो प्रश्न पुन्हा कुणी विचारत नाही.

पाठलागाला सुडाखेरीज दुसरं कारण असू शकतं, हेही आपल्याच जिल्ह्याने पाहिलं आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ धुळ्याहून नंदुरबारकडे चाललेला सरकारी खजिना क्रांतिकारकांनी लुटला. सुमारे साडेपाच लाख रुपये. साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, आणि आपले डॉ. उत्तमराव पाटील, या मंडळींचं ते काम. गाडी अडवली, बंदुका चालल्या, मागे पोलिस लागले, माणसं रानोमाळ पांगली. वेस्टर्नला लागतं ते सगळं त्यात आहे. सूड मात्र नाही. तो पैसा चळवळीसाठी हवा होता. चिमठाण्यावरून बसने जाताना मी दर वेळी खिडकीतून बाहेर पाहतो आणि शिंद्यांनी हे कसं कापलं असतं याचा विचार करतो.

दुसरी जागा राधेची.

लेखक सलीम-जावेद यांनी तिच्याबाबतीत एक पाऊल टाकलं, ते १९७५ साली लहान नव्हतं. ठाकूर स्वतः तिच्या वडिलांकडे जातो आणि विधवा सुनेच्या पुनर्विवाहाची गोष्ट काढतो. वडील मान्य करतात. म्हणजे हात तोडलेल्या त्या माणसाच्या मनात सुडाखेरीज आणखी काही शिल्लक होतं. हा चित्रपटातला माझ्या मते सर्वांत माणुसकीचा धागा. आणि पटकथा काय करते? जयला मारते. लग्न करावं लागू नये म्हणून मारते, असं मला वाटत आलं आहे. कारण जय जगला असता तर पांढरी साडी उतरवायला लागली असती, आणि तेवढी हिंमत चित्रपटाकडे नव्हती. चिता पेटते तेव्हा राधा खिडकी लावून घेते. होळीच्या रंगात हसणारी, बडबडणारी ती मुलगी आपण मागे पाहिलेली असते, म्हणून ती खिडकी जास्त लागते. जया भादुरीने फार थोड्या शब्दांत हे सगळं केलं. पण लेखणीने तिला जे दिलं नाही, ते तिला अभिनयाने कुठून देता येणार?

याउलट एक चित्रपट ठेवतो. तो आपल्या शिरपूरकडच्या लेकीचा आहे. स्मिता पाटील. वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, हे इथे सांगायची गरज नाही. केतन मेहतांचा ‘मिर्च मसाला’ तिच्या मृत्यूनंतर, १९८७ साली लागला. त्यातही घोडेस्वार आहेत, बंदुका आहेत, गावावर दहशत बसवणारा सुभेदार आहे, आणि पाठलाग आहे. सोनबाई धावते, मागे घोडे. ती मिरचीच्या कारखान्यात शिरते आणि म्हातारा पहारेकरी अबू मियाँ दार लावून घेतो. पुढचा सगळा वेळ एका बंद दाराच्या दोन बाजूंना काढलेला आहे. आतल्या बायका आधी तिलाच दोष देतात. गाव तिला देऊन टाकायला तयार होतं. पहारेकरी मारला जातो, दार फुटतं, आणि मग त्याच बायका कुटलेल्या मिरचीने भरलेली कापडं धरून येतात. लाल ढग, किंचाळणारा सुभेदार, आणि हातात विळा घेतलेली सोनबाई. तिथेच चित्र थांबतं.

ज्याने नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची वाळताना पाहिली आहे, तिथे काम करणाऱ्या बायकांनी तोंडाला बांधलेली फडकी पाहिली आहेत, त्याला तो शेवट नाकात आणि डोळ्यांत जाणवतो. इथे सूड घेणाऱ्यांचे हात रोजच्या कामाचे आहेत आणि हत्यारही रोजच्या कामाचं. ‘शोले’त राधेच्या हाती फक्त कंदील होता.

‘शोले’च्या शेवटाबद्दल थोडं बोलतो. मूळ पटकथेत ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला मारतो. २५ जून १९७५ला आणीबाणी आली. माजी पोलिस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला परिनिरीक्षण मंडळाला चालेना, आणि ऐन वेळी नवा शेवट चित्रित करावा लागला. पोलिस येतात, ठाकूर थांबतो. पन्नास वर्षं आपण हाच शेवट पाहिला. जून २०२५मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत दाखवली गेली. त्या शेवटात गब्बरला मारून झाल्यावर ठाकूर रडतो. माझं मत मूळ शेवटाच्या बाजूने आहे. मारण्यासाठी नाही, त्या रडण्यासाठी. सूड पुरा झाला आणि हात तर परत आले नाहीत, हे त्या रडण्यात आहे. पोलिसांच्या शेवटाने ठाकूरला सभ्य ठेवलं, पण रिकामं होऊ दिलं नाही.

धुळ्याहून पन्नास किलोमीटरवर मालेगाव आहे. तिथे २००० साली शेख नासिर या तरुणाने ‘मालेगाव के शोले’ बनवला. यंत्रमागावरच्या माणसांना आठवड्यातून शुक्रवारची सुट्टी. त्या दिवशी ते चित्रपट पाहत आणि त्यांच्यातलेच काहीजण चित्रपट करत. आगगाडी भाड्याने घेणं शक्यच नव्हतं, तेव्हा एसटीसारखी बस आली. घोडे परवडत नव्हते, तेव्हा डाकू सायकलींवर आले. पुढे फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर माहितीपट केला, रीमा कागती यांनी चित्रपट केला, आणि जगाने कौतुकाने पाहिलं. लोक त्याला विडंबन म्हणतात. मी त्याकडे गंभीरपणे पाहतो. रामगढला जे शिवार नव्हतं ते मालेगावच्या ‘शोले’ला आपोआप मिळालं. मागे गिरणा, मोसम, खरी गल्ली, खऱ्या भिंती, खरे दमलेले चेहरे. सायकलवरचा डाकू कुठून आला, हे विचारावं लागत नाही. तो रात्रपाळी करून आलेला असतो.

सारंगखेड्याच्या त्या रात्री तंबूतून बाहेर पडलो तेव्हा घोडेबाजारात शेकोट्या पेटल्या होत्या. मोठी माय घोड्यांच्या रांगेमधून माझा हात धरून चालत होती. तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला. मला तिला वाईट वाटू द्यायचं नव्हतं. मी सांगितलं, ती मुलगी माहेरी गेली, वडिलांनी तिला नेलं, तिचं तिकडे बरं झालं. मोठी माय थांबली. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “सिनेमामा दखाडं का तसं?”

मी म्हटलं, नाही.